दुसरा गिअर पडत नाही, बाकी सर्व कुशल

तीर्थरूप मामांच्या सेवेशी,

गाडी बाजूला घेऊन, हँडब्रेक ओढून, दोन्ही हात मोकळे करून केलेला नमस्कार पोचावा. (चालत्या गाडीत एका हाताने केलेला नमस्कार तुम्ही धरत नाही, हे लक्षात आहे.) गुडघा कसा आहे? रक्तदाबाची गोळी रोज घेता ना, की 'आज बरं वाटतंय' म्हणून उद्यासाठी राखून ठेवता? तुमच्या लेकीला आशीर्वाद, जावयांना नमस्कार आणि त्यांच्या नव्या गाडीला सहानुभूती. कारण तुम्ही तिच्यात पुढे बसायला लागला असाल, तर एव्हाना जावयांना क्लच कुठल्या पायाने दाबायचा याचाही विसर पडला असेल. पत्र लिहितोय कारण फोन तुम्ही घेत नाही. घेता, 'राँग नंबर' म्हणता आणि ठेवता. हा राँग नंबरचा आवाज मी लहानपणापासून ओळखतो, पण वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर खोटं पाडू नये, असं तुम्हीच शिकवलंत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. तुम्हाला परत बोलावण्यासाठी हे पत्र नाही. ट्रकच्या पुढच्या दोन सीटांच्या मधलं तुमचं स्टूल आम्ही काढलं, तिथे सबवूफर बसवला आणि तुम्ही रुसून लेकीकडे गेलात, एवढाच काय तो प्रकार. तुम्ही रुसला नाहीत, हवापालटाला गेलात, असं मामी सगळ्यांना सांगतात. पण हवापालटाला माणूस काखेत स्टूल मारून जात नाही. बसस्टँडवर तुम्हाला स्टुलासकट पाहणारे बरेच जण मला भेटले. एकाने तर विचारलं, मामा सर्कशीत लागले का. मी हो म्हणालो. काय सांगणार?

आता सबवूफर म्हणजे काय, हे तुम्हाला कोणी नीट सांगितलंच नाही. (तुम्ही ऐकायला थांबला नाहीत, तो भाग वेगळा.) गाण्यातून गाणं काढून घेतल्यावर जे उरतं, ते वाजवणारं हे खोकं. शब्द नाहीत, सूर नाही, नुसतं धप्. आपल्याकडे वरच्या मजल्यावरचे भाडेकरू हेच काम फुकटात करतात. ते आणलं कोणी, हे तुम्ही ओळखलंच असेल. आमचे मेहुणे. हिचा भाऊ म्हणून मी त्यांना घरं हलवायच्या आपल्या धंद्यात डाव्या सीटवर बसवलं आणि दर वाक्याची सुरुवात 'मी कंपनीत होतो तेव्हा' अशी करतात म्हणून तुम्ही त्यांचं नाव कंपनी ठेवलंत. तर कंपनीच्या एका मित्राची मिनीबस बंद पडली. बंद पडलेल्या गाडीतली वस्तू चालू गाडीत आणू नये, हे तुमचं तत्त्व मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, दाजी, मी कंपनीत होतो तेव्हा आम्ही असं मानत नव्हतो. (कंपनी आता अस्तित्वात नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. मेहुणे आहेत.)

खोकं ठेवायचं कुठे, यावर आमची दुपारभर सभा भरली. मागच्या फळीवर ठेवावं तर तिथे कपाटांना गुंडाळायची ब्लँकेटं. पायाशी ठेवावं तर कंपनीचे पाय एवढे, की ते पाय काढून मगच खोकं ठेवता आलं असतं. शेवटी त्यांनी सिद्धान्त मांडला, की आवाज दोघांना सारखा यायचा तर खोकं दोघांच्या बरोबर मध्ये हवं. आणि बरोबर मध्ये तुम्ही. मी विरोध केला, हिला विचारा. नको, हिला विचारू नका, भाऊ तिचा आहे. खरं सांगायचं तर माझा विरोध जरा सौम्यच होता. मामा, गाडी तुम्ही मला दिलीत आणि तिच्याबरोबर स्वतःलाही दिलंत. त्या स्टुलावर बसून तुम्ही समोरच्या गाड्या त्यांच्या ड्रायव्हरांपेक्षा जास्त चालवता, त्याचं मला काही नाही. पण माझे केस पांढरे झाले तरी दर वेळी 'घाल'. दुसऱ्या गिअरला घाल, चौथ्याला घाल, रिव्हर्सला घाल. पहिल्याला आणि तिसऱ्याला मात्र गप्प. मी समजून चाललो होतो, की विषम गिअरांपुरता तुमचा माझ्यावर विश्वास बसलाय आणि समचं शिक्षण अजून चालू आहे.

तर तुमची दुपारची झोप चालू असताना आम्ही माप घेतलं. स्टुलाचं. जिथे स्टूल बसतं तिथे त्याच मापाचं खोकं बसलंच पाहिजे, हा हिशेब मलासुद्धा पटला. सुताराने केसाचाही फरक न ठेवता खोकं बनवलं, गाडीच्या तळाशी स्क्रूने आवळलं आणि वर तोच गोंद ओतला, ज्याच्यावर स्वतःचं दुकान उभं आहे असं तो सांगतो. सगळं कसं चपखल. गाडी उभी, इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला. न्यूट्रलला सगळंच नीट बसतं, मामा. संसारसुद्धा. सकाळी तुम्ही डबा घेऊन आलात, दार उघडून आत पाहिलंत, खोक्याकडे पाहिलंत, गिअरच्या दांड्याकडे पाहिलंत आणि 'बरं' म्हणून भिंतीला टेकलेलं स्टूल उचलून चालू लागलात. त्या 'बरं'चा अर्थ मला कोपऱ्यावर कळला.

पहिला गिअर पडला. दुसऱ्याला दांडा मागे ओढला आणि ठक्. पुन्हा ओढला, पुन्हा ठक्. आपल्या गाडीचे पहिला, तिसरा, पाचवा पुढे पडतात आणि दुसरा, चौथा, रिव्हर्स मागे, हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे आचाऱ्याला मीठ कुठे असतं ते दाखवणं. मागे पडणारं जे जे काही, ते सगळं आता खोक्याच्या ताब्यात. त्या दिवसापासून गाडी विषम आकड्यांवर चालायला लागली. पहिल्यावरून थेट तिसऱ्याला जाताना ती अशी थरथरायची, की रस्त्यावरचे लोक आम्हाला वाट करून देऊ लागले. मागे जाणं हा विषय तर आयुष्यातूनच गेला. कंपनी म्हणाली, दाजी, माणसाने नेहमी पुढेच जावं. परवा पेट्रोल पंप नजरचुकीने मागे राहिला, तेव्हा आम्ही त्याच्याकडे पुढूनच गेलो, अर्ध्या गावाला वळसा घालून. खोकं काढून का टाकलं नाही, असं विचाराल. गोंद सोडत नव्हता. गोंदाने सोडलं असतं तर हिने सोडलं नसतं, 'माझ्या भावाने एवढ्या हौसेने' या शब्दांनी सुरू होणारं ते वाक्य तुम्हाला माहीत आहे.

मग आल्या हेडबाई. निवृत्त. एका घरातून दुसऱ्या घरात जायचं होतं, सामान म्हणजे पुस्तकं, एक कपाट आणि काचेच्या बशा. गिऱ्हाईक डाव्या सीटवर आणि कंपनी मागे सामानाबरोबर, ही आपली पद्धत. पण सबवूफर पुढे असताना कंपनी मागे जाईना. बाईंनी खोक्याकडे बोट करून 'हे बसायला आहे ना' असं विचारलं आणि कंपनी नाही म्हणायच्या आत त्या बसल्यासुद्धा. तेवढ्यात गाणं सुरू झालं. बाईंचा चष्मा दर 'धप्'ला एक पायरी खाली उतरायचा आणि वाक्य हप्त्याहप्त्याने बाहेर यायचं. नुसतं 'खिडकी लावा' म्हणायला त्यांना एक चौक लागला. बंद करा म्हणाल्या, तर रिमोट खोक्याच्या आणि सीटच्या फटीत गेलेला. (तोंडाने रागावत होत्या, पण उठत नव्हत्या, हे मी तेव्हाच टिपलं.) त्यांचं नवं घर एका गल्लीच्या शेवटी. गल्लीच्या तोंडाशी पाटी होती, पुढे रस्ता नाही. तुम्ही असतात तर ती पाटी तुम्ही गावाबाहेरूनच वाचली असतीत. आम्ही वाजतगाजत आत गेलो. उभ्या मोटारींचे भोंगे एकापाठोपाठ एक बोंबलायला लागले, लोकांना वाटलं निवडणूक आली, आणि एक आजोबा बनियनवर धावत येऊन पाण्याची तक्रार माझ्याकडे नोंदवून गेले.

सामान उतरलं, बशासुद्धा शाबूत. आता बाहेर पडायचं. गाडी वळायला जागा नाही. रिव्हर्स ओढला, ठक्. बाई खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, 'आधी इथे काय होतं?'

'स्टूल.'

'रिकामं?'

'नाही. मामा बसायचे.'

'मग तेव्हा गिअर कसा पडायचा?'

मी सवयीने पुन्हा दांड्यावर हात ठेवला. मामा, तुमच्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे, तो सरकताना कुरकुरतो. मला ती कुरकुर आठवली. आधी कुर्र, मग घाल. दर वेळी. दुखरा गुडघा आवरून तुम्ही स्टूल वीतभर मागे घ्यायचात, जागा करून द्यायचात आणि मग सांगायचात, की झाली जागा, आता घाल. आणि मी इतकी वर्षं मनातल्या मनात तुम्हाला उलट उत्तरं देत होतो. पहिल्या-तिसऱ्याला तुम्ही गप्प का, तेही तिथेच कळलं. तिथे कोणी सरकायचं नव्हतं. बाईंना मात्र 'पडायचा', एवढंच म्हणालो. उत्तर अपुरं आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

शेवटी अख्ख्या गल्लीने गाडी ढकलली. बाई हुकूम सोडत होत्या, आजोबा ढकलता ढकलता पाण्याचं उरलेलं सांगत होते, आणि गाणं बंद होत नव्हतं म्हणून दर 'धप्'ला सगळ्यांनी मिळून जोर लावला. सबवूफरचा गाडीतला हा पहिला आणि शेवटचा उपयोग. तिथून जवळच्या मोठ्या रस्त्याने, एकदाही मागे न येता, थेट सुताराकडे. खोकं निघालं. येताना तळाच्या पत्र्याचा तुकडाही घेऊन आलं, त्यामुळे काही काळ आम्हाला पळणारा रस्ता आतूनच दिसत होता. आता तिथे नवा पत्रा ठोकलाय आणि जागा मोकळी आहे.

तर कळवायचं ते एवढंच. जागा मोकळी असून दुसरा गिअर पडत नाही. म्हणजे पडतो, पण दांड्यावर हात जातो आणि थांबतो, गाडी गुरगुरते, मागचे हॉर्न वाजवतात आणि कंपनी विचारते, दाजी, कशाची वाट बघताय? बाकी सर्व कुशल. तुम्ही हवापालट निवांत पुरा करा. कोणी तुम्हाला बोलावत नाहीये.

गिअरपुरता का होईना, पण आज्ञाधारक,
तुमचा भाचा

ता. क. स्टूल तेवढं पाठवून द्या. ते गाडीचं आहे, तुमचं नाही. एकटं पाठवू नका, पाय आखूड आहे, बसमध्ये कलंडेल. सोबत कोणीतरी जाणतं माणूस हवं.

ता. क. दुसरा. खोकं वाया गेलं नाही. मामींनी ते टीव्हीसमोर मांडून घेतलंय, कंपनीकडून वायर जोडून घेतली आणि त्यावर बसून मालिका बघतात. धडधडीने कंबरेला आराम पडतो म्हणे. तुम्हाला निरोप आहे, की घाई करू नका, रिमोट सध्या त्यांच्या हातात आहे. काल मात्र त्यांनी तुमची गादी-उशी उन्हात टाकली होती.

ता. क. तिसरा. स्टुलाच्या खालून एक छोटासाच स्पीकर बसवावा, अशी कंपनीची नवी कल्पना आहे. मी म्हटलं, मामांना विचारा. ते घाबरले, त्यामुळे तुम्ही इथे असणं गाडीच्या दृष्टीने बरं.

ता. क. शेवटचा. रविवारी तुमच्या लेकीच्या भागात एक सामान पोचवायचं आहे. (सामान नाही. पण रस्ता तोच आहे.) तिच्या दाराशी बोळ अरुंद, गाडी उलटीच आत घ्यावी लागेल. इंजिनाचा आवाज ओळखालच. खाली उतरू नका, गुडघ्याला त्रास होईल. गॅलरीत या आणि तिथूनच एकदा 'घाल' म्हणा. तोवर मी बोळाच्या तोंडाशी उभा आहे.