अकरा हजार सातशे भागिले नऊशे

मंगळवार, ३ मार्च
ताईचा फोन. बारा तारखेला, गुरुवारी अकरा वाजता तिचं रजिस्टर लग्न. साक्षीदार म्हणून सही माझीच हवी. घरचं माणूस आता मी एकटाच. आईच्या वेळी मी पोचलो नव्हतो, ते तिने काढलं नाही. काढलं नाही म्हणून जास्त राग आला. तेव्हा चूक विमान कंपनीची होती. या वेळी सगळं जातीने बघणार.

बुधवार, ४ मार्च
हवाई अंतर ११,७०० किलोमीटर. विमान ताशी ९००. म्हणजे तेरा तास. पुढच्या बुधवारी सकाळी आठला निघायचं, रात्री नऊला ताईच्या दारात. गणितात मला नापास करणाऱ्या मास्तरांना हे पान दाखवायला हवं.

शुक्रवार, ६ मार्च
तिकीटवाला डोक्यात गेला. म्हणे एकोणीस तास लागतात, मध्ये विमान बदलायचं, शिवाय तिकडचं घड्याळ नऊ तास पुढे. गुरुवारी दुपारी बाराला उतराल, मंगळवारीच निघा. मी आकडेमोड दाखवली. तो म्हणाला, "साहेब, हे अंतर पक्ष्याला सांगा." रांगेतले हसले. बुधवारचंच घेतलं. मंगळवारचं घेतलं असतं तर तो जिंकला असता. हवेत वेळ भरून निघतो.

सोमवार, ९ मार्च
हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझर बाईंशी वाजलं. रजेचा अर्ज आठ दिवस आधी हवा म्हणे. चादरी काय माझ्यावाचून मळायच्या थांबणार आहेत? बोललो नाही, पण बघितलं तसंच. रजा मिळाली. बॅग भरताना जुना रेडिओ सापडला, तो उघडून बसलो. बॅग राहिली.

बुधवार, ११ मार्च. माझ्या घड्याळात दुपारचे तीन
मधला विमानतळ. इथलं घड्याळ चार तास पुढे. उतरल्या उतरल्या सगळे मुकाट्याने काटे फिरवतात. मेंढरं. मी माझं घड्याळ कुणासाठी बदलणार नाही. पुढचं विमान अकराला, म्हणजे आठ तास मोकळे. समोर एक सुतार दुकानाची फळी तिरकी बसवतोय. सांगून येतो.

गुरुवार, १२ मार्च
विमान गेलं. मी दहाला गेटवर, तर काउंटरवरची बाई म्हणे ते तीन तासांपूर्वीच उडालं. मनगटावरचं घड्याळ दाखवलं, तिने पाहिलंसुद्धा नाही. दुसरं विमान आज रात्री अकराला. इथे उजाडल्यावर ताईला फोन करून कंपनीचा नालायकपणा सांगितला. तिने एवढंच विचारलं, उद्या किती वाजता उतरतोस? बारा, म्हटलं. "बरं. नीट ये." लग्न उरकलं का, विचारायचा धीर झाला नाही.

शुक्रवार, १३ मार्च
बाराला उतरलो. ताईचा मेसेज, थेट रजिस्ट्रारच्या ऑफिसात ये. टॅक्सीवाला बाहेरच्या रस्त्याने नेत होता, लांबून. मला शिकवतो. सरळ रस्त्याने घ्यायला लावली, सहा किलोमीटर वाचले. तिथे सिग्नलच सिग्नल.

एक वीसला पोचलो. ताई पायऱ्यांवर, हातात दाखला. भावोजी शांतपणे म्हणाले, लग्न आजच होतं. ताईने मला मुद्दाम एक दिवस आधीची तारीख सांगितली होती. माझं डोकंच फिरलं. सख्ख्या भावावर इतका अविश्वास? ताई म्हणाली, "अकराची वेळ होती. साहेबांना हातापाया पडून एकपर्यंत थांबवलं रे."

साक्षीदाराच्या जागी एका अनोळखी माणसाची सही. स्वतःच्या कामासाठी रांगेत उभा होता, त्याला बोलावलं.

पाणी प्यायला आत गेलो तर तोच नळापाशी भेटला. माझी बॅग बघून त्याने विचारलं, "त्या ताई ज्याची वाट बघत होत्या, तो भाऊ तुम्हीच का?"

नाही म्हणालो.