घुमटावरच्या पाकळ्या शाबूत आहेत, आप्पा

प्रिय आप्पा,

आज सकाळी झड उघडली आणि मी थेट आपल्या लिंगायत स्मशानभूमीत गेले. मठाच्या जुन्या महास्वामींच्या समाधीच्या बुटक्या दारातून वाकून आत शिरले आणि फरशीवर तळहात टेकला. कोरडी! आठ दिवस पाऊस लागून होता, आप्पा, आणि आत एक थेंब नाही. हे आधी तुम्हालाच सांगायचं होतं, म्हणून शाळेच्या ऑफिसात बसून लिहितेय.

तुम्हाला ठेवलं ती जागा तर तिथून वीस पावलांवर. उन्हाळाभर छिन्नी-हातोडीचा आवाज ऐकून "कोण माझं प्लास्टर फोडायलंय?" असं नक्की म्हणाला असाल!

मीच फोडायला लावलं.

लहानपणी ही समाधी तुम्हीच मला समजावून सांगितलीत. खाली चौकोन, वर आठ कोन, त्यावर गोल घुमट. "चार कोपरे म्हंजी घरदार. आठ झाले की माणूस जरा सैल होतंय. अन् वर कोपराच न्हाई, अडकायचं कुठं?" दार बुटकं, कारण कुणीही असो, वाकूनच यावं. कमानी दर्ग्यासारख्या आणि कळसाखाली कमळ, कारण निजामाच्या काळात दोन्हीकडे बांधणारे हात तेच. आत मूर्ती नाही. महास्वामी जमिनीखाली बसलेले, हातात इष्टलिंग, आणि वर एक साधा दगड.

इतकं कळत होतं, मग त्यावर सिमेंट का चढवलंत? सेवा म्हणून, ते मला ठाऊक आहे. गावातले सगळ्यात चांगले गवंडी तुम्ही. महिनाभर एकटे राबलात. पण त्यानंतरच घुमट गळायला लागला. शेवटच्या वर्षात तुम्ही ओल्या भिंतीला नख लावून पाहायचात आणि घरी येऊन गप्प बसायचात. मी एकदाही विचारलं नाही. आपण दोघंही असेच!

तुम्ही गेल्यावर मठात बैठक झाली. घुमट पाडून स्लॅब टाकायचं ठरतच आलं होतं. शिवाकाका म्हणाले, "आप्पानं पक्कं करून बी गळतंय, म्हंजी घुमटच गेला. पाडा!" सगळ्यांनी माना हलवल्या.

चुन्याचं जुनं काम जाणणारे बोरीचे करीमचाचा आदल्या दिवशी समाधी बघून गेले होते. "बाई, घुमटाला काय बी झालं न्हाई. दगडाला सिमेंटचा रेनकोट घातलाय, ओल बाहेर पडंना, आतल्या आत घामाघूम झालाय बिचारा." पण हे सांगायचं तर तुमचं नाव घ्यावं लागणार! तरी उठले. "घुमट चांगलाय. आप्पांचं प्लास्टर चुकलं. ते काढा."

"बापाची चूक चारचौघांत सांगायलीस?" काका ओरडले. "एवढ्या वर्षांत कधी तोंड उघडलं न्हाई!"

"आज उघडलं," मी म्हणाले. मठाच्या आताच्या स्वामींनी मला एका उन्हाळ्याची मुदत दिली.

सिमेंट निघालं तशा भिंतीवर तुमच्या छिन्नीच्या खाचा दिसू लागल्या, प्लास्टर धरावं म्हणून पाडलेल्या. काका चुकचुकत होते. मी मान खाली घालून उभी. तेवढ्यात घुमटावरून करीमचाचा ओरडले, "बाई, वर या! तुमच्या आप्पानं फुलाला हात न्हाई लावला!"

शिडी चढून गेले. कमळाच्या सोळाच्या सोळा पाकळ्या शाबूत! एक खाच नाही. आधी मऊ मातीचा थर देऊन मगच तुम्ही वर सिमेंट घेतलं होतंत. ते टोपीसारखं अलगद निघालं.

काकाही धापा टाकत चढले. पाकळीवरून बोट फिरवत म्हणाले, "आप्पाला कळत व्हतं की गं!" दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः चुना मळायच्या घाण्यावर येऊन बसले. चुन्यात घालायला गूळ, बेलफळाचं पाणी, मी घरून भिजवून नेलेली उडदाची डाळ. "आप्पाची लेक डाळ मोजूनच आणती, कंजूष!" असं चिडवायचे.

आता मानवतच्या एसटीतूनसुद्धा पांढरा घुमट दिसतो, आप्पा! लोक उभे राहून बघतात.

दर वर्षी पावसाआधी चुन्याचा हात मी देईन, हा शब्द देते. आणि भिंतीवर खाचा कुणी पाडल्या असं कुणी विचारलं, तर तुमचं नाव सांगेन. पाकळ्या कुणी राखल्या असं विचारलं, तर तेव्हाही तुमचंच.

तुमची,
कमी बोलणारी शकू