सगळे हजर

३ मार्च, मंगळवार

आज मी मेले. तेही दोनदा! पहिल्या मरणात आमच्या मॅनेजरसाहेबांचा फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा.

आमचा कारखाना वाटाणे गोठवतो आणि ती सगळी थंडी अमोनियाच्या जोरावर. तो वायू गळला तर माणसाची धडगत नाही. म्हणून वरून हुकूम आला, कामगारांना शिकवा. शिकवायला आले ते अग्निशमन दलातून निवृत्त झालेले गृहस्थ. गळ्यात शिट्टी. बोलायच्या आधी शिट्टी, बोलून झाल्यावर शिट्टी. नाव काय ते कोणी लक्षातच ठेवलं नाही — शिट्टी!

"सरावात जखमी कोण होणार?" त्यांनी विचारलं. पॅकिंगच्या सगळ्याजणी एकदम स्वतःच्या चपला बघायला लागल्या. मी हात वर केला. उभं राहून पगार मिळतो, तोच निजून मिळत असेल तर का सोडा?

अशी विव्हळले की कॅन्टीनचा आचारी हातातला झारा घेऊन धावत आला. शिट्टी माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "बाई, तुम्ही बेशुद्ध आहात. बेशुद्ध माणूस ओरडत नाही." मी डोळे मिटूनच म्हटलं, "मग आधी सांगायचं ना!" स्ट्रेचर उचलणारे दोघे हसायला लागले, मी घसरले आणि साहेबांचा फोटो हलला. शिट्टी वाजली. पुन्हा पहिल्यापासून.

४ मार्च, बुधवार

अंग ठणकतंय. मरणं वाटतं तेवढं सोपं काम नाही.

६ मार्च, शुक्रवार

आज वायूचा धडा. नाकातोंडावर ओला कपडा. वारा जिकडे जातो तिकडे पळायचं नाही, त्याला आडवं जायचं. पाणी सापडलं तर पाण्याशी राहायचं, अमोनिया पाण्यात विरघळतो. मग पाठीवर हवेची टाकी आणि तोंडावर मुखवटा चढवायचा सराव. पहिला नंबर आमच्या ह्यांचा.

हे पॅकिंगचे सुपरवायझर. म्हणजे घरी नवरा, कामावर वरचा माणूस — दोन्हीकडे मीच खाली! ह्यांच्या तोंडात दोनच शब्द, "होय साहेब". साहेब म्हणाले आज रविवार, तर हे सोमवारीसुद्धा सुट्टी घेतील. टाकी, मुखवटा, त्यात ते पोट... सिलिंडर पोहोचवायला निघालेला हत्ती! मी हसले. सगळ्याजणी हसल्या. ह्यांनी मुखवट्याच्या आतून माझ्याकडे बघितलं, काच धुरकट झाली.

ठेकेदाराच्या लोकांना बोलावलं नव्हतं. हमाल नाहीत, सफाईच्या मावशी नाहीत. शिट्टींनी विचारलं तर साहेब म्हणाले, "ते आपले नाहीत, त्यांचं ठेकेदार बघेल."

"वायू विचारतो का, तू कोणाचा म्हणून?"

साहेबांना वाटलं विनोद केला. खो खो हसले.

जेवणाच्या सुट्टीत कपडे बदलायच्या खोलीत मी सफाईच्या मावशींना शिट्टींची नक्कल करून दाखवली. छाती पुढे, मान ताठ — "ओला कपडा! तोंडावर! फुर्रर्र! नळाखाली! फुर्रर्र!" मावशी हसता हसता उलट्या बादलीवर बसल्या. म्हणाल्या, "पुन्हा कर." पुन्हा केली. मला टाळ्यांचा सोसच भारी.

९ मार्च, सोमवार

आजचा दिवस लिहायलाच हवा.

मोठा सराव होता. भोंगा झाला की सगळ्यांनी फाटकाजवळच्या झाडाखाली जमायचं. सुपरवायझरने आपली माणसं बघायची आणि साहेबांना सांगायचं — सगळे हजर. मी नेहमीची जखमी, मशीनजवळ पडायचं. पण मला लहर आली. म्हटलं, बघू तरी कोण शोधतं! खोक्यांच्या गोदामात जाऊन पुठ्ठ्यांच्या मागे बसले.

भोंगा झाला. पळापळ. मग सगळं सामसूम. मी तोंडावर हात दाबून हसू आवरत होते. आता येतील, मग येतील. ह्यांची तारांबळ उडाली असेल! कोणी आलं नाही. पाय अवघडले. आणि संपल्याची शिट्टी झाली!

बाहेर आले तर साहेब ह्यांचा हात हातात घेऊन हलवत होते. मी मागून जाऊन विचारलं, "अहो, सगळे हजर का? मी पण?"

ह्यांचा चेहरा! रंगच उडाला. सगळ्याजणी खदखदून हसल्या. शिट्टी नाही हसले. ह्यांना एवढंच म्हणाले, "पुन्हा." सगळ्यांना भर उन्हात पुन्हा पळवलं. सगळ्यांनी मला शिव्या घातल्या.

घरी सासूबाईंना रंगवून सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे ही आत गुदमरतेय आणि तू म्हणालास हजर?" आज माझं ताट आधी वाढलं!

हे मान खाली घालून म्हणाले, "नेहमी असतेस ना... वाटलं असशीलच."

मी हसले. मग न्हाणीघरात गेले, नळ मोठा सोडला आणि जरा रडले. खोटं कशाला लिहू? गंमत करायला गेले आणि मलाच लागली.

१० मार्च, मंगळवार

सकाळी चहाच्या वेळी हे हजेरी मोजल्यासारखं माझ्याकडे बोट करून म्हणाले, "एक."  माझं हसू कपात सांडलं.

१२ मार्च, गुरुवार

 अक्षर वेडंवाकडं येईल, येऊ दे.

दुपारी भोंगा झाला. मी सवयीने मशीनजवळ आडवी व्हायला लागले! पाठ टेकणार तोच वास आला. नाकात कोणीतरी सुया खुपसाव्यात तसा. डोळ्यांतून घळाघळा पाणी. तशीच उठले, ओढणी पाण्याच्या पिंपात बुचकळली, तोंडावर घेतली आणि वाऱ्याला आडवी पळत सुटले. बाकीच्या पुढेच होत्या. कोणी हसत नव्हतं.

झाडाखाली हे एकेकीच्या खांद्याला हात लावून तोंड बघत होते. माझ्याजवळ आले, थांबले, पुढे गेले. सगळी रांग बघून झाली तरी मान वळवून शोधतच होते.

साहेब फोन कानाला लावून ओरडले, "झालं ना? सगळे हजर ना? मालक लाइनवर आहेत!"

"मावशी दिसत नाहीत."

"कोण मावशी? सफाईवाली? अहो, ती आपल्यात नाही, ठेकेदाराची आहे!"

आणि हे म्हणाले, "सगळे हजर नाहीत, साहेब."

लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांच्या तोंडून साहेबांना 'नाही' मी पहिल्यांदा ऐकलं.

शिट्टी आज धडा घ्यायला आलेलेच होते. दोघांनी टाक्या चढवल्या, मुखवटे लावले, एकमेकांचे पट्टे तपासले आणि आत गेले. मला तो हत्ती आठवला आणि स्वतःच्या कानाखाली ओढावीशी वाटली. दार पांढऱ्या धुरात दिसेनासं झालं. साहेब फोनवर "किरकोळ, किरकोळ" म्हणत होते. मी झाडाची साल नखांनी उचकटत उभी. देवाला काय काय कबूल केलं ते इथेही लिहीत नाही — अंगाशी येईल!

मग दोघे आले. मधे मावशी, चिंब भिजलेल्या. कपडे बदलायच्या खोलीत अडकल्या होत्या. वाट दिसेना, तेव्हा नळाखाली बसून ओला टॉवेल तोंडावर धरून राहिल्या. मला बघून खोकत खोकत म्हणाल्या, "तुझी नक्कल... फुर्रर्र..." पुढे बोलवेना. रुग्णवाहिकेत घातलं त्यांना.

ह्यांनी मुखवटा काढला. नाकावर लाल वळ. मी काहीतरी चावट बोलणार होते. त्याऐवजी त्यांच्या पाठीवरच्या टाकीचे पट्टे सोडायला लागले.

फिटर सांगत होता, अमोनियाचा व्हॉल्व्ह कधीचा पाझरतोय, साहेबांच्या कानावर घातलं होतं. साहेब म्हणाले होते, हंगाम संपू दे.

१४ मार्च, शनिवार

साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. चहा दिला, तोही कपबशीत! तेव्हाच ओळखलं, काहीतरी शिजतंय.

"परवा काय झालं?" साहेबांनीच विचारलं आणि उत्तरही त्यांनीच दिलं. "सराव झाला. मोठा, छान सराव! मंगळवारी इन्स्पेक्टर येतायत. बाई, तुमचं पडणं-विव्हळणं सगळ्यांना ठाऊक आहे. जखमी तुम्हीच होतात, एवढंच सांगायचं. मावशीचा विषयच काढायचा नाही." मग ह्यांच्याकडे वळून, "आणि तुम्हाला शिफ्ट इन्चार्ज करायचं माझ्या मनात आहेच."

मी ह्यांच्याकडे बघत बसले. ह्यांनी चहाचा घोट घेतला.

"होय साहेब."

घरी येताना मी दहा पावलं पुढे चालले. हाक मारली तरी वळले नाही. ज्या माणसाला परवा धुरात जाताना बघितलं, तो हा नव्हेच!

१५ मार्च, रविवार

एकटीच दवाखान्यात गेले. मावशींचा आवाज पार बसलाय. साहेब काय म्हणाले ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी खुणेनेच नक्कल करायला सांगितली. केली. हसल्या, खोकला उसळला, नर्सने मला बाहेर हाकललं.

दाराबाहेर ठरवलं. ह्यांना काय सांगायचं ते सांगू देत. मी खरं सांगणार.

१७ मार्च, मंगळवार

इन्स्पेक्टरांनी विचारलं, "गुरुवारी काय झालं?" मी उठायच्या आत हे उठले. व्हॉल्व्ह, फिटर, मावशी, धूर — सगळं सांगितलं, साहेबांच्या डोळ्यांत बघून. कारखान्याला सील. साहेब जाता जाता म्हणाले, सील निघालं तरी तुम्ही दोघं येऊ नका.

रस्त्यात विचारलं, "मग शनिवारी 'होय' का म्हणालात?"

"नाही म्हटलं असतं तर आज इन्स्पेक्टरांसमोर बसू दिलं असतं का?"

दोघंही बेकार. आणि मी, वेडी, घरापर्यंत ह्यांचा हात धरून आले. भर दिवसा!