प्रियंकाची नर्सरी

डोंगरकडा, गुरुवार

तीर्थस्वरूप मंजुळाक्कास, धाकट्या संतरामचा नमस्कार. इकडे आम्ही सगळे (म्हणजे मी आणि म्हैस) खुशाल आहोत. तुझे गुडघे काय म्हणतात? डॉक्टरने दिलेलं तेल तू गुडघ्यांना लावतेस की देवापुढच्या दिव्यात घालतेस, ते एकदा खरं कळव. फोन सोडून पत्र काहून, असं तू विचारशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून.

तर झालं असं. आपल्या प्रियंकाला पहिल्या बाळंतपणाला पुण्याहून माहेरी यायचं आहे. तिच्या सासूबाईंचं म्हणणं, विहीणबाई गेल्यापासून त्या घरात बाईमाणूस नाही, एकटे व्याही काय करणार? (बाई मनाने चांगली, पण तोंड तिखट.) मग प्रियंकाचा मला फोन आला की बाबा, आधी नर्सरी नीट तयार करा, म्हणजे सासूबाईंना दाखवता येईल. आता अक्का, आपल्याकडे नर्सरी म्हटलं की माणसाला काय आठवतं? मला वाटलं, पोरीला डोहाळे लागलेत, हिरवं बघावंसं वाटतंय. तरी खबरदारी म्हणून विचारलं, कशी पाहिजे? ती म्हणाली, थेट ऊन नको पण उजेड पाहिजे, हवा खेळती पाहिजे, ओल साचू नये, डास-माश्या येऊ नयेत म्हणून बारीक जाळी लावा, आणि रंग डोळ्यांना गार वाटेल असा. मिरचीचं रोप टाकणारा माणूस याहून वेगळं काय सांगतो, तूच सांग!

मी लागलो कामाला. अंगणात बांबू पुरून हिरवी शेडनेट ताणली, ट्रे मांडले, मिरचीचं रोप टाकलं. शेजारचा उकंडराव म्हणाला, "पोरीच्या बाळंतपणाला मिरची काहून लावून राहिले?" मी त्याला अडाणी म्हटलं. (हे शब्द मागे घ्यायचे राहिलेत.) रोपं अशी तरारली की मी ऐटीत व्हिडिओ काढून प्रियंकाला पाठवला, आणि तिने तो न बघताच सासूबाईंना पुढे धाडला.

फोन आला तेव्हा पोरीला हसण्यामुळे बोलता येईना. "बाबा, लेकराला काय ट्रेमधी लावायचं व्हय?" मग हसता हसताच रडायला लागली. म्हणाली, आता त्या मला न्हाईच पाठवणार. नर्सरी म्हणजे बाळाची खोली, हे मला या वयात असं कळलं. पोरीची आई मिरा असती तर मला आधीच चार शब्द सुनावून तिने बांबू उपटायला लावले असते.

मग मागची सोयाबीनची खोली रिकामी केली. फिकट पिवळा रंग दिला, भिंतीतले खिळे उपटले, लाईटच्या बोर्डाला झाकण केलं, खिडकीला जाळी ठोकली (शेडनेटचीच, उरली होती). लेकरू पडू नये म्हणून दोन्ही खाटांचे पाय कापून वीतभर ठेवले. लेकरू आता पडणार नाही हे नक्की, पण मी बसून बघितलं तर मला उठता येईना. शेवटी अडाणी उकंडरावानेच ओढून काढलं.

ही खोली सासूबाईंना पसंत पडली. पण लेकराला न्हाऊमाखू कोण घालणार, असं त्यांनी विचारलंच. मी म्हटलं, त्याची तजवीज झाली आहे.

बाकी ठीक. धाकट्यांना आशीर्वाद सांगावा असं इकडे अजून कुणी नाही, ती सोय होऊन राहिली आहे.

तुझा संतराम

ता. क. मिरचीची रोपं फार झाली आहेत. तुला लावायला पाहिजेत तर न्यायला ये.

ता. क. रोपं हे निमित्त. तजवीज म्हणजे तू. आमची अक्का सव्वा महिना राहणार आहे, असं मी सासूबाईंना तुला न विचारता सांगून टाकलं, आणि ते ऐकल्याबरोबर त्यांनी प्रियंकाचं रविवारचं तिकीट काढलं. खोली मला जमली, अक्का. पुढचं मला जमणार नाही.

ता. क. एका खाटेखाली विटा लावून ती पुन्हा उंच केली आहे. तुझ्या गुडघ्यांना तकलीफ नको.