सशाच्या कानातलं रक्त

बाई, शनिवारी तुमच्या नावाचं व्याख्यान आहे आणि बोलायला मला बोलावलंय. तुमच्या शिस्तीचं कौतुक होईल, फोटोला हार घालतील, आणि मी त्या फोटोशेजारी उभी राहून सांगणार आहे की आपलं ते गाजलेलं संशोधन चुकीचं होतं. तुमचा इतका राग आलाय की घास गोड लागत नाही.

आठवतं? तुमच्या मलकपेठच्या स्वयंपाकघरात आपण अंबाडीची भाजी निवडत बसलोय. मी तुमच्याकडे पीएच.डी.ला नवीन. माणसाच्या पेशीतलं एक प्रोटीन आपल्याला शोधायचंय. ते सशाला टोचायचं, मग त्याच्या रक्तात त्या प्रोटीनला ओळखून चिकटणाऱ्या अँटिबॉडी तयार होतात, रक्ताची निवळी म्हणजे सीरम काढून त्या वापरायच्या; पेशीतल्या प्रोटीनला त्या चिकटल्या की फिल्मवर काळी पट्टी उमटते. पण पहिली सुई टोचण्याआधी सशाच्या कानातून थोडं रक्त काढून ठेवायचं, हा सगळ्या लॅबमधला साधा रिवाज. त्याच्या अंगात आधीपासून काय होतं ते कळायला नको? ते तुम्ही काढलंच नव्हतं. "कान धरला की थरथर कापायला लागला ग बिचारा. म्हटलं, जाऊ दे, नक्को," असं म्हणालात, आणि मला वेडीला तुमचं केवढं कौतुक वाटलं.

सशाची दया आली तुम्हाला. माझी नाही आली. ती काळी पट्टी आपल्याच प्रोटीनची कशावरून, सुई न टोचलेल्या दुसऱ्या सशाचं सीरम तरी लावून बघू या का, एवढंच मी विचारलं होतं. तुम्ही सगळ्या लॅबसमोर फटकारलंत, "पट्टी डोळ्यांनी दिसती, तरी शक! उगा परेशान नको करू. आधी हात नीट चालव, मग डोकं चालव." सगळे हसले. मी मान खाली घालून कामाला लागले. पुढे ससा मेला. तसंच सीरम पुन्हा मिळणार नव्हतं, म्हणून थेंब थेंब पुरवून वापरलं, परगावच्या लॅबनाही बर्फात घालून पाठवलं. माझी पीएच.डी., माझी नोकरी, सगळं त्या पट्टीवर उभं राहिलं.

आता पेशीतून एखादा जीनच काढून टाकता येतो. मागच्या आठवड्यात मी आपल्या प्रोटीनचा जीन काढलेल्या पेशी घेतल्या आणि तुमच्या सीरमची शेवटची नळी उघडली. प्रोटीनच नाही, तर पट्टीही यायला नको. आली, बाई. तशीच काळीभोर, ठसठशीत. इतकी वर्षं आपण भलत्याच कशाला तरी आपलं प्रोटीन म्हणत बसलो. ते थोडंसं रक्त असतं, तर बहुधा तेव्हाच कळलं असतं. आपला तो छापलेला पेपर मागे घ्यायचं मी ठरवलंय. त्यावर पहिलं नाव माझं आहे, तेव्हा तोंड लपवायची पाळी माझ्यावर, आणि तुम्ही हार घालून निवांत. निदान भांडायला तरी राहायचं होतं!

हे पाठवू कुठे? व्याख्यानाची चित्रं मी तयार करून ठेवली आहेत, त्यात ती पट्टी सगळ्यात आधी आहे. पण खरं सांगते, तुम्ही आत्ता दारात येऊन "बंद कर ते" म्हणालात ना, तर मी आजही मुकाट्याने बंद करीन.