आयूचे प्रश्न

४ फेब्रुवारी, बुधवार

आज मी चक्क परदेशात बोलले! माझ्या लेकीच्या, पौर्णिमाच्या कॉलेजनं इंग्रजीच्या पोरांची इंडोनेशियातल्या पोरांशी जोडी लावलीय. हिच्या वाट्याला आयू नावाची पोरगी. तिनं मोबाइलवर आमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसाला प्रश्न विचारायचे, पौर्णिमानं भाषांतर करायचं.

म्हटलं, "मी म्हातारी कायची वं?"

"मंग शेजारच्या चतुराबाईले बसवू? ते इंडोनेशियाले झोपवून देईन!"

तिकडे सोयाबीन रोज खातात म्हणे. आम्ही केनवड गावचे लोक विकून मोकळे!

मग पौर्णिमा म्हणाली, "ती विचारते, तुमचे मालक कसे होते?"

हे जाऊन दोन वर्षं झाली. असं कुणी विचारलंच नव्हतं.

११ फेब्रुवारी, बुधवार

आठवडाभर बुधवारची वाट पाहिली. आयू विचारते – ते गाणं म्हणायचे का? रागवायचे का? सगळं सांगितलं. पोरीला लाडानं 'मास्तरीण' म्हणायचे, तेही.

परक्या पोरीला एवढी माया! पोटची मात्र त्यांचं नाव काढत नाही. विसरली असेल. तरणी आहे.

१२ फेब्रुवारी

त्यांचा सदरा उन्हात टाकला. पौर्णिमा शेजारून गेली. पाहिलं. घरात गेली.

२५ फेब्रुवारी, बुधवार

शेवटचा वर्ग. आम्हा घरच्यांना वाशीमला कॉलेजात बोलावलं होतं. पौर्णिमा माझ्याकडे तोंड करून बसली. तिच्या पाठीमागे कॉम्प्युटर, त्यात आयू.

"ती विचारते, दवाखान्यात शेवटी पोरीले काहून नाही बोलावलं?"

सांगितलं – त्यांनीच अडवलं. "तिचा पेपर आहे, होऊ दे." पण दार वाजलं की मान वळवायचे. पोरीचीच वाट!

पौर्णिमानं नाक पुसलं. मान वळवून आयूला इंग्रजीत दोन-चारच शब्द बोलली.

सरांनी आमच्यासाठी पडद्यावर खाली इंग्रजी बोलण्याची मराठी अक्षरं चालू केली होती. पौर्णिमा पुन्हा माझ्याकडे वळली तेव्हा ती उमटली, तिला दिसली नाहीत. तिच्याच शाळेच्या पुस्तकांवरून मी वाचायला शिकले – एकेक अक्षर लावलं.

आयू : तुम्ही सोयाबीन कधी पेरता?

पौर्णिमा : आई म्हणते, जूनमध्ये.

४ मार्च, बुधवार

आता वर्ग नाही. पौर्णिमा मेथी निवडत होती. शेजारी बसले. म्हटलं, "आज आयू काही विचारत नाही का वं?"

हात थांबले तिचे. खाली मान घालूनच म्हणाली, "विचारते... लय दुखत होतं का त्यायले?"