चारातले तीन, तिनातले दोन

तीर्थरूप अप्पांना धाकटीचा नमस्कार.

बाळ दूध नीट पितोय, ताप नाही, हे आधी वाचा. पुढचं खाली बसून वाचा.

सोमवारच्या पत्रात मी लिहिलं होतं की, बाळाच्या किडनीची सूज तिसऱ्या ग्रेडवरून दुसऱ्या ग्रेडवर आली, आता तुम्ही यायची गरज नाही. अप्पा, सूज तसूभरही उतरलेली नाही. आज डॉक्टरीणबाईंनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि माझी चूक दाखवली.

आधीच्या दवाखान्यातल्या मोजणीत चार ग्रेड, त्यातला तिसरा. इथल्या मोजणीत तीनच, त्यातला दुसरा. सूज तीच.

मी विचारलं, "मग सगळे एकच माप का नाही वापरत?"

त्या म्हणाल्या, "ते माप फक्त किडनी बघतं. आम्हाला ऑपरेशनचं ठरवायचं असतं, म्हणून खालची नळी आणि मूत्राशयही बघणारं माप आम्ही घेतो."

दुसऱ्या शिंप्याच्या मापावर तुम्ही कधी कापडाला कात्री लावली नाहीत. आणि तुमची लेक दोन टेपांची मापं एकमेकांतून वजा करून बसली. परवा अख्ख्या वॉर्डाला बिस्किटं वाटली मी. आज त्यातल्याच एका आयाबाईंनी मला पाणी आणून पाजलं.

महिन्याभरानं इथल्याच मापानं पुन्हा बघतील, मग ऑपरेशनचं ठरेल.

तुमची कंबर कशी आहे? प्रवास झेपत असेल तर या. झेपत नसेल तरी या.

तुमची,
धाकटी